चार हात दोरी

एकूला दोन वर्षं पाच महिने झाले होते आणि त्याच्या तोंडून अजून एक धड शब्द निघाला नव्हता. मंदा हे महिने बोटांवर मोजायची आणि मोजून झाले की पुन्हा करंगळीपासून सुरू करायची. एखादा महिना चुकून जास्त धरला गेला असेल आणि पोर अजून लहानच निघेल, अशी तिला वेडी आशा. महिने काही कमी होत नसत. शेजारच्या सालोमीची पॉलिन एकूपेक्षा तीन आठवड्यांनी धाकटी. तिचं तोंड पहाटे उघडे ते झोपेतच मिटे. कोंबड्याला दटावण्यापर्यंत तिची मजल गेली होती. एकू मात्र ओटीच्या खांबाशी बसून राही. हाक मारली तर बघे, कोणी हसलं तर हसे, आणि परत आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसे.

खांबाशी म्हटलं ते उगाच नाही. एकू खांबाला बांधलेला असे.

वटारातल्या, म्हणजे त्या वस्तीतल्या, कोणाला त्यात काही वावगं वाटलं नसतं. घरामागे वाडी, वाडीत केळी, पानवेली, मोगरा, आणि मधोमध बावखल. बावखल म्हणजे बांधलेली विहीर नव्हे. चारी बाजूंनी उतरत गेलेला, पाण्यानं भरलेला मोठा खड्डाच तो. त्याला कठडा नसे, कारण शिंपणाच्या वेळी गडी दोन्ही हातांत भांडी घेऊन जिथून जवळ पडेल तिथून पाण्यात उतरत आणि तिथूनच वर येत. गड्यांची पावलं वाचावीत म्हणून पाणी उघडं, आणि पाणी उघडं म्हणून पोरं बांधलेली. बाईमाणूस वाडीत कामाला निघालं की लहान पोराच्या कमरेला जुन्या लुगड्याची मऊ पट्टी, पट्टीला काथ्याची दोरी, आणि दोरीचं टोक ओटीच्या खांबाला. मंदाच्या सासूबाईंनी, सावित्रीबाईंनी, आपला हरेश्वर असाच वाढवला होता. हरेश्वर पुढे चांगला उंच झाला, बोलायलाही लागला. बायकोशी बोलताना तो अजून शब्द मोजून वापरी, ती गोष्ट वेगळी.

पहिल्या खेपेला मंदानं ही रीत पाळली नव्हती.

पहिली मुलगी सरला, पावणेदोन वर्षांची. दोरी बांधली की ती रडून घर डोक्यावर घेई. चैत्रातल्या एका सकाळी मंदानं गाठ सोडली, पोरीच्या हातात काकडीची फोड दिली आणि म्हणाली, "बस हां, आलेच." मोगऱ्याची पाटी आणायला गेली होती, शंभर पावलं गेली असेल नसेल. ती परत आली तेव्हा ओटीवर काकडीची फोड तेवढी होती.

बावखलातून सरलाला हरेश्वरनं वर काढलं. सावित्रीबाई त्यावरून सुनेला एक शब्द बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. बोलल्या असत्या तर मंदाला बरं वाटलं असतं. पुढे एकू झाला, रांगायला लागला, तेव्हा त्यांनी तीच दोरी फडताळातून काढली आणि सुनेच्या हातात दिली, बस्स. त्या दिवसापासून मंदाचा हात कधी चुकला नाही. ती गाठ मारी, दोनदा ओढून बघे, एकूच्या डोक्यावरून हात फिरवी आणि म्हणे, "बस हां, आलेच." ती स्वतः साडेतीन वर्षांत बावखलाच्या पाण्यापाशी गेली नव्हती. तिच्या वाट्याचं पाणी हरेश्वर आणून टाकी, आणि का, ते दोघांपैकी कोणी बोलत नसे.

त्या साली, म्हणजे स्वराज्य येऊन पाच वर्षं झाली तेव्हा, सालोमीच्या खळ्यावर एक नवंच प्रकरण सुरू झालं. गावच्या शाळेतल्या रोझलिनबाई दीड वर्ष परगावी राहून लहान मुलांचं शिक्षण शिकून आल्या होत्या. भाताची झोडणी आटोपली, खळं मोकळं झालं, तसं त्यांनी सालोमीच्या सासऱ्यांकडून ते मंगळवारी आणि शुक्रवारी तासाभरासाठी मागून घेतलं. तीन वर्षांच्या आतली पोरं तिथं खेळायला यायची, आणि प्रत्येक पोराबरोबर त्याची आई आलीच पाहिजे, ही अट. पोर टाकून कामाला जायचं असेल तर येऊच नका, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं. गावानं यथेच्छ हसून घेतलं. पोरांच्या आधी आयांनाच शाळेत घातलं म्हणून पारावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

"स्वतःचं एक नाय, आणि गावाला पोरं वाढवायला शिकवते," सावित्रीबाई म्हणाल्या.

"नुसती बघायला येते मी," सालोमीला मंदा म्हणाली, पण मनात तिचं काही वेगळंच चाललं होतं. शिकलेली बाई आहे. तिनं एकूकडे एकदा बघावं आणि काय ते सांगून टाकावं. पोर मंद आहे, असं ती म्हणाली तर? त्या विचारानं तिला पहिल्या मंगळवारी जेवण गेलं नाही.

खळं शेणानं लख्ख सारवलेलं होतं. एका कोपऱ्यात वाळूचा ढीग, एकीकडे करवंट्या आणि चिंचोके, एक उपडं घातलेलं लाकडी उखळ, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या तीन-चार ओबडधोबड बाहुल्या, आणि मधोमध पाण्यानं भरलेलं घंगाळ. पाणी बघून मंदानं एकूला घट्ट धरलं. घंगाळात एक वीत पाणी नव्हतं, पण तिला ते किती खोल दिसलं ते तिचं तिला ठाऊक.

"पोराला खाली सोडा," रोझलिनबाई म्हणाल्या. "आणि तुमचे हात तुमच्या मांडीवर. इथं आईनं बसायचं, बघायचं आणि बोलायचं. करायचं काही नाही."

सात आया हात मांडीवर घेऊन बसल्या, लग्नात फोटो काढायला बसवल्यासारख्या. हात रिकामे ठेवण्याची कोणालाच सवय नव्हती. एक जण नकळत आपल्याच पदराला वळ्या घालत होती. पॉलिन पहिल्या झटक्यात उखळावर चढली, दोन्ही हात पसरून उभी राहिली. "पडशील गो!" सालोमी ओरडली. पॉलिननं आईकडे वळून बघितलं आणि धपकन खाली आली.

"चढली होती नीट," रोझलिनबाई तिचा गुडघा चोळत म्हणाल्या. "हाक आली म्हणून पडली. पोर अवघड जागी असलं की मागून ओरडू नये, सालोमी. गुपचूप जवळ जावं." सालोमीनं मान डोलावली आणि पुढच्या वेळी पुन्हा ओरडली.

एकू बराच वेळ आईच्या गुडघ्याला चिकटून राहिला. मग घंगाळाकडे निघाला. पाच-सहा पावलं नीट टाकली आणि मध्येच थांबला. घंगाळ अजून दोन हात पुढे होतं. त्यानं हात पुढे केला, पोचला नाही. पाय मात्र पुढे पडेना. कमरेतून किंचित मागे रेलून तो तसाच उभा राहिला, मागून कोणीतरी ओढून धरल्यासारखा. दुसरी पोरं पाणी उडवत होती. त्याच्या तोंडावर शिंतोडे येत होते आणि तो हसत होता. पण जागचा हलला नाही.

आयांमध्ये कोणीतरी हसलं. रोझलिनबाई हसल्या नाहीत. त्या मंदाजवळ येऊन बसल्या.

"घरी दोरीला बांधता का?"

"बावखल हाय मागं," मंदा म्हणाली.

"किती लांब दोरी?"

"चार हात."

बाईंनी वाकून मंदाच्या गुडघ्यापासून एकूच्या टाचेपर्यंतचं अंतर आपल्या हातानं मोजलं. एक, दोन, तीन, चार. चौथ्या हाताचं टोक बरोबर टाचेला लागलं. दोरी घरी खांबाला होती आणि पोर इथं बांधलेलं होतं.

"त्याला उचलून पुढे ठेवू नका," बाई म्हणाल्या. "तो तुमच्यापासून मोजतोय. तुम्ही सरका. रोज एक वीत."

"बाई, पोर शहाणा हाय ना?" मंदानं कसंबसं विचारलं.

"मला आज नाही सांगता येणार. पण दोरीवर ठेवलंत तर कधीच सांगता येणार नाही."

घरी येऊन मंदानं हे सासूबाईंना सांगितलं. दोरी सोडायची हे शब्द या घरात साडेतीन वर्षांत कोणी उच्चारले नव्हते. सावित्रीबाई तांदूळ निवडत होत्या. त्या निवडतच राहिल्या. सूप रिकामं झाल्यावर म्हणाल्या, "सोडायची तर सोड. पण मग पोर या वाडीत नाय राहायचा. सातिवलीला माझी बहीण हाय. डोंगराच्या अंगाला घर, बावखल नाय, तळं नाय. पाच वर्षांचा होईतो तिथं राहील."

सासूबाई छळ करायला बोलत नव्हत्या, हे मंदाला कळत होतं. त्यांना आणखी एक पोर पाण्यातून निघालेलं बघायचं नव्हतं, इतकंच. म्हणून तर भांडताही येईना.

"संक्रांतीपर्यंत थांबा," ती म्हणाली. "दिवसातून एक तास सोडते. मी जवळ बसते. त्यानंतर तुम्ही म्हणाल ते."

सावित्रीबाईंनी मुलाकडे बघितलं. हरेश्वर केळीच्या पानांच्या जुड्या बांधत होता. "संक्रांतीपर्यंत," तो म्हणाला. त्या दिवशीचे त्याचे शब्द तिथंच संपले.

"बरं," सावित्रीबाई म्हणाल्या. "संक्रांतीला मला पोर सुटा सांभाळता येईल असा दिसला तर ठीक. नाय तर तिळगूळ घेऊन सातिवलीला जायचं, आणि येताना आपण दोघींनीच यायचं."

सात आठवडे. मंदानं पुन्हा बोटं मोजायला घेतली, या खेपेला उलटी.

खळ्यावर ती दर खेपेला एक वीत पुढे सरकून बसे, आणि एकू एक वीत पुढे जाई. त्याहून जास्त एक बोट नाही. सालोमी म्हणे, "अशी सरकत सरकत तू नायगावला पोचशील." मंदाला हसू येत नसे. घरी ओटीवर तासभर दोरी सुटे तेव्हा तर तिचा जीव टांगणीला लागे. एकू मोकळा असून खांबाशीच बसे, आणि ती त्याच्यासमोर हात मांडीवर घेऊन घामाघूम होई. काय बोलायचं तेही सुचत नसे. रोझलिनबाईंनी एकदा विचारलं होतं, दिवसभरात या पोराशी बोलतं कोण? मंदानं आठवून बघितलं. सकाळी गाठ मारताना ती बोले. दुपारी भात भरवताना "आ कर" म्हणे. बाकी सगळा दिवस एकू होता आणि खांब होता. तिला इतकी शरम वाटली की त्या दिवसापासून तिनं सगळंच सांगायला सुरुवात केली. हा तांदूळ, हा कावळा, ही आजी, आजी रागावलीय. एकू ऐके आणि बघत बसे. आत जातंय की वाहून जातंय, कळायला मार्ग नव्हता.

नाताळच्या आधीच्या शुक्रवारी एकू घंगाळाला पोचला. पाण्यात हात घातला आणि कोपरापर्यंत भिजवला. आयांनी टाळ्या वाजवल्या. मंदाला मात्र आनंद व्हायच्या आधी भीती वाटली, की पाणी याला आवडलं.

नाताळात आठवडाभर खळं बंद होतं. नंतरच्या मंगळवारी एकूनं बाहुल्यांतली एक उचलली, तिला उखळापाशी बसवलं आणि आईच्या पाटीतून केळीचं सुकं सोपट ओढून काढलं. गजरे बांधायला मंदा ते जवळ बाळगे. ते त्यानं बाहुलीच्या पोटाभोवती गुंडाळलं आणि दुसरं टोक उखळाभोवती. गाठ कसली, नुसते वेढेच. पण ते त्यानं दोनदा ओढून बघितले. मग बाहुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, एक करवंटी घेतली आणि पलीकडे जाऊन हवेतली फुलं खुडून तिच्यात टाकू लागला. मधून मधून तो बाहुलीकडे वळून बघत होता.

खळ्यावर कोणी हसलं नाही. सातांपैकी पाच जणींच्या घरी खांब होते.

मंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हात मांडीवर ठेवायचे होते म्हणून तिनं ते पुसलंही नाही.

"मंद पोराला हे जमत नाही," रोझलिनबाई हळूच म्हणाल्या. "त्यानं सगळं बघितलंय आणि सगळं ठेवलंय. आज मी तुम्हाला सांगू शकते."

इतके दिवस ज्या वाक्यासाठी ती तळमळत होती ते मिळालं होतं. आणि तरी मंदाला वाटलं, याहून बाईंनी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. बाहुली एकूनं हातातून सोडली नाही, तेव्हा बाईंनी ती त्याला घरी नेऊ दिली.

सावित्रीबाईंना तिनं बाहुलीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बांधायला शिकला," त्या म्हणाल्या. "बोलला काय?"

"नाय."

"सुटा असताना पाण्याकडे गेला तर थांबेल काय?"

पूर्वी थांबला असता. चार हातांवर थांबण्याची त्याची सवय मंदानंच तर वीत वीत करून मोडून काढली होती. रात्री कुशीवर वळली की हेच तिच्या डोळ्यांपुढे येई.

संक्रांतीला दोन दिवस उरले होते. सकाळचा सुटा तास चालू होता. एकू ओटीवर बाहुलीला मांडीवर घेऊन बसला होता आणि मंदा त्याला वालाच्या शेंगा दाखवत होती. सावित्रीबाई गोठ्यात होत्या. आत चुलीवरचा भात उतू गेला. निखाऱ्यांवर पेज पडल्याचा चर्र आवाज आला, वास सुटला, आणि मंदा उठली.

"बस हां, आलेच," ती म्हणाली.

झाकण काढलं, दोन लाकडं मागे ओढली. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. हातातलं झाकण तसंच टाकून ती बाहेर धावली. ओटीवर वालाच्या शेंगा होत्या. एकू नव्हता. बाहुली नव्हती. खांबाजवळची मऊ पट्टीही नव्हती.

ती कशी धावली ते तिला नंतर आठवलं नाही. केळीची पानं तोंडावर फाटत गेली. साडेतीन वर्षांपूर्वी ती याच वाटेनं धावली होती, आणि पायांना ती वाट पाठ होती.

एकू बावखलाच्या उतारावर होता. अगदी खाली, पाण्याच्या कडेला उकिडवा बसलेला. हातात करवंटी. पाय ओल्या मातीत अर्धे रुतलेले. पुढे वाकून तो करवंटीत पाणी भरून घेत होता.

मंदाच्या गळ्यापर्यंत किंकाळी आली. पॉलिन उखळावरून पडली होती ती तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मागून पावलं वाजली. गोठ्यातून सावित्रीबाई येत होत्या. त्यांनी बघितलं, त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि तोंड उघडलं. मंदानं झेप घेऊन सासूच्या तोंडावर हात दाबला. सुनेनं सासूच्या तोंडावर हात ठेवला, असं त्या घरात कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. सावित्रीबाईंचा श्वास तिच्या तळव्यावर गरम लागत होता. मंदानं मान हलवली, नाही म्हणून, आणि हात काढला. सावित्रीबाई ओरडल्या नाहीत. त्या होत्या तिथंच मटकन खाली बसल्या.

मंदा बाजूनं, आवाज न करता, उतार उतरली. हात पोचेल इतकी जवळ आली. धरावं की नको, या विचारात ती तशीच बसली. हात मांडीवर घेतले. एकूनं तिच्याकडे बघितलं. आई इथं येणारच होती, असं त्याच्या तोंडावर होतं. करवंटी भरली. ती दोन्ही हातांनी धरून तो वळला आणि सांडत, गुडघे टेकत, उतार चढून वर गेला, आणि त्याच्यामागून मंदा.

वर सुपारीच्या झाडाला बाहुली बांधलेली होती. लुगड्याच्या पट्टीचे तीन वेढे घालून.

एकूनं करवंटीतलं उरलंसुरलं पाणी बाहुलीच्या तोंडाला लावलं. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रिकामी करवंटी घेऊन पुन्हा पाण्याकडे वळला.

"बश हां," तो बाहुलीला म्हणाला. "आलेच."

मंदानं ऐकलं. सावित्रीबाईंनीही ऐकलं. पोराचे पहिले शब्द ते, आणि तेही आईचेच, जसेच्या तसे. मंदाला हुंदका आवरेना. पोर बोललं म्हणून ती रडत होती, आणि तेवढ्यासाठीच नव्हती रडत. बाहुलीला बांधून तो पाण्याला गेला होता आणि खरंच परत आला होता. त्या चैत्रात ती सरलाला हेच म्हणाली होती.

एकू तिच्यापाशी येऊन थांबला. या खेपेला तिनं हात पुढे केला आणि त्यानं तो धरला. दोघं मिळून खाली उतरली. मंदानं पाय पाण्यात घातले. पाणी गार होतं. इथं पाय सरकतो, तिनं त्याला सांगितलं, आणि आपला पाय सरकवून दाखवला. इथं खोल आहे, तिथं जायचं नाही. इथं आईला हाक मारायची. साडेतीन वर्षांचं साठलेलं ती बोलत राहिली आणि एकू तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

दोघं वर आली तेव्हा सावित्रीबाई सुपारीपाशी बसल्या होत्या. बाहुली त्यांच्या मांडीवर होती आणि त्या पट्टीचे वेढे सोडवत होत्या.

"मी बोलले नव्हते कधी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुझा दोष नव्हता म्हणून नव्हते बोलले. मला वाटलं तुला कळलं असेल." त्यांनी आणखी एक वेढा सोडवला. "तुझ्याशी तरी कोण बोलत होता गो."

दुपारी हरेश्वर बाजारात केळी आणि पानं पोचवून आला, तेव्हा आईनं त्याला पाणीही पिऊ दिलं नाही. "बावखलाला कुंपण घाल," त्या म्हणाल्या.

"शिंपणाला गडी कुठून उतरतील?"

"एक वाट ठेव, तिला फाटक लाव. वळसा घालून जाऊ दे त्यांना. इतकी वर्षं पोरं बांधली आपण. बावखलाला बांधायचा कोणाला सुचला नाय."

हरेश्वरनं आईकडे बघितलं, मग बायकोकडे, मग कोयता घेऊन बांबूच्या बेटाकडे गेला. सालोमीचा नवरा सॅन्टन मदतीला आला. संक्रांतीच्या संध्याकाळपर्यंत कुंपण उभं राहिलं. फाटक बांधायला काथ्या कमी पडला तेव्हा हरेश्वर ओटीवर आला, खांबाची दोरी सोडून घेऊन गेला. खांबावर तिच्या घासण्याची एक गुळगुळीत खोबण तेवढी उरली.

सातिवलीला तिळगूळ माणसाबरोबर पाठवला.

पुढच्या शुक्रवारी पॉलिन एकूला खळ्यावर बोलवायला आली. अंगणापासून खळं साठ-सत्तर पावलांवर. मधे चिंच, मग शेजारच्या बॅप्टिस्टबाबांचा गोठा, मग खळं. मंदा उठून निघाली तसा एकू मागे वळला, तिच्याजवळ आला, आणि ओटीवर बोट दाखवून उभा राहिला. ती बसेपर्यंत हलला नाही. ती बसली तेव्हा त्यानं टाचा उंचावून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बश हां," तो म्हणाला. "आलेच."

मग पॉलिनचा हात धरून तो निघाला. चिंच ओलांडली, गोठा ओलांडला, आणि दिसेनासा झाला. मंदा खांबाला टेकून बसली होती. तिचे हात मांडीवर होते, आणि शेजारी सासू तांदूळ निवडत होती.

सावित्रीबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि त्याही तिच्याजवळ सरकून बसल्या. दोघी वाटेकडे बघत राहिल्या.